उजळ मूत्रपिंड म्हणजे व्रण नव्हे : सोनोग्राफीच्या वाचनाचे एक प्रकरण

दीर्घकालीन मूत्रपिंडविकार असलेल्या ४३ वर्षांच्या एका स्त्री रुग्णाला दुसऱ्यांदा सोनोग्राफीसाठी माझ्याकडे पाठवण्यात आले, तेव्हा त्यांच्या हातात आठ दिवसांपूर्वीचा पहिला अहवाल होता. त्याचा निष्कर्ष एका ओळीचा होता : ‘दोन्ही मूत्रपिंडे ग्रेड २ उजळ, जुनाट मूत्रपिंडविकार वाढलेला.’ ‘उजळ’ म्हणजे सोनोग्राफीच्या पडद्यावर नेहमीपेक्षा पांढरट दिसणारे. ती ओळ वाचून त्यांनी टेबलावर झोपण्याआधीच विचारले, “म्हणजे आता किडनीत सगळे व्रणच झाले ना? डायलिसिसची तयारी करायची का?” या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी माझ्याजवळ नव्हते, पण पहिल्या अहवालातही ते नव्हते, हे पुढच्या तासाभरात स्पष्ट होत गेले. रुग्णाची ओळख पटेल असा कोणताही तपशील मी येथे दिलेला नाही.

त्यांचा पूर्वेतिहास असा होता. लहानपणी त्यांना वारंवार ताप येऊन लघवीचा जंतुसंसर्ग होत असे आणि मूत्राशयातील लघवी उलट दिशेने मूत्रपिंडाकडे चढते, असे निदान तेव्हाच झाले होते. आठ वर्षांपूर्वी केलेल्या डीएमएसए स्कॅनमध्ये (किरणोत्सारी द्रव्य देऊन प्रत्येक मूत्रपिंडातील कार्यरत ऊती दाखवणाऱ्या तपासणीत) उजव्या मूत्रपिंडाचा कामातील वाटा १८ टक्के आणि डाव्याचा ८२ टक्के नोंदला होता. त्यानंतर अनेक वर्षे त्यांचे रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम घटले की वाढणारा टाकाऊ पदार्थ) १.३ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या आसपास स्थिर होते. २०२१ च्या सीकेडी-ईपीआय सूत्राने त्याचा अंदाजित गाळणदर, म्हणजे मूत्रपिंडे मिनिटाला किती मिलिलिटर द्रव गाळतात तो आकडा, साधारण ५२ येतो, म्हणजे विकाराचा टप्पा ३-अ. मग दहा आठवड्यांत हेच क्रिएटिनिन २.६ वर गेले. सूत्रात घातल्यास गाळणदर २३ येतो. मात्र क्रिएटिनिन स्थिर नसताना हे सूत्र मुळात लागू पडत नाही, त्यामुळे त्या आकड्यावरून टप्पा ठरवणे चूक ठरले असते. रक्तदाब १३८/८४ होता. लघवीत दर हाय पॉवर फील्डला १५ ते २० पांढऱ्या पेशी दिसत होत्या, कल्चरमध्ये जंतू वाढले नव्हते, आणि प्रथिनांचे प्रमाण क्रिएटिनिनच्या दर ग्रॅममागे ०.८ ग्रॅम होते.

व्रणांमुळे होणारी घसरण बहुतेक वेळा वर्षांच्या मापाने मोजावी लागते. जे मूत्रपिंड अनेक वर्षे एका जागी स्थिर राहिले, ते दहा आठवड्यांत निम्म्याहून अधिक क्षमता गमावते, तेव्हा तिथे काहीतरी नवे घडत आहे असे आधी धरून चालावे लागते. पहिल्या अहवालात हा प्रश्न उपस्थितच झाला नव्हता. रुग्णाच्या कागदांवर ‘जुनाट मूत्रपिंडविकार’ असे आधीपासून लिहिलेले होते, पडद्यावर मूत्रपिंड उजळ दिसले, आणि या दोन गोष्टी एकमेकींना पूरक वाटल्या. ही चूक निष्काळजीपणाची नव्हती. अशा रुग्णाला पाहताना कोणाच्याही हातून ती होऊ शकते, आणि म्हणूनच ती सविस्तर लिहून ठेवावीशी वाटते.

‘व्रण’ या एका शब्दाचे दोन अर्थ

मूत्रपिंडातील व्रण म्हणताना आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने ओळखतो. पहिली गोष्ट डोळ्यांना दिसणारी आहे : मूत्रपिंडाच्या कडेला पडलेली खाच, तिच्याखाली पातळ झालेला बाहेरचा थर म्हणजे कॉर्टेक्स, आणि त्या जागी आतील कॅलिक्सचा, म्हणजे लघवी गोळा करणाऱ्या पेल्याचा, बोथट, पसरट झालेला आकार. लघवी उलट चढण्याच्या विकारात हे व्रण प्रामुख्याने वरच्या आणि खालच्या टोकांना पडतात. त्याचे कारण असे की टोकांकडील अनेक पॅपिला (कॅलिक्समध्ये लघवी सोडणारे उंचवटे) एकमेकींत मिळालेल्या असतात, त्यांची तोंडे उघडी राहतात आणि दाबाखालची लघवी त्यांतून थेट ऊतीत शिरते. दुसरी गोष्ट सूक्ष्मदर्शकाखालीच दिसते : लघवी तयार करणाऱ्या सूक्ष्म नलिकांमधल्या जागेत साठत जाणारे तंतू आणि त्यांच्यासोबत आक्रसत जाणाऱ्या नलिका. हिला फायब्रोसिस किंवा तंतुमयता म्हणतात. ती सबंध मूत्रपिंडात पसरलेली असू शकते आणि तरीही कडेवर एकही खाच नसते.

सोनोग्राफी पहिल्या प्रकारचा व्रण बऱ्यापैकी दाखवते, जरी लहान व्रणांच्या बाबतीत डीएमएसए स्कॅन तिच्यापेक्षा सरस ठरतो. दुसऱ्या प्रकारची तंतुमयता मात्र ती प्रत्यक्ष दाखवत नाही. लांबी, थराची जाडी, उजळपणा आणि रक्तप्रवाह यांवरून तिचा फक्त अंदाज बांधता येतो, आणि यांतले प्रत्येक माप दुसऱ्याही कारणांनी बदलते. या रुग्णात दोन्ही प्रश्न एकाच वेळी समोर होते : उजव्या बाजूला पहिला, डाव्या बाजूला दुसरा.

उजवे मूत्रपिंड

उजवे मूत्रपिंड ८.२ सेंटिमीटर लांब होते. प्रौढांत साधारणपणे ही लांबी ९ ते १२ सेंटिमीटर असते. वरच्या टोकाला खोल खाच होती, तिथे कॉर्टेक्स जेमतेम ४ मिलिमीटर उरले होते आणि त्याच्या बरोबर खाली कॅलिक्स बोथट झालेला होता. खालच्या टोकालाही तशीच, पण उथळ खाच होती. मधल्या भागातील कॉर्टेक्स मात्र ९ मिलिमीटर जाड होते, म्हणजे वाचलेल्या ऊतीने वाढून भरपाई केली होती.

प्रत्येक खाच व्रण नसते, म्हणून ती कुठे आहे हे तपासणे आवश्यक असते. गर्भावस्थेतील खंडांच्या खुणा काही प्रौढांत टिकून राहतात. त्या खाचा दोन पिरॅमिडांच्या (कॉर्टेक्सच्या आतील शंकूच्या आकाराच्या भागांच्या) मधोमध पडतात आणि त्यांच्याखालील थर पातळ झालेला नसतो. वरच्या तिसऱ्या भागात पुढील बाजूने दिसणारी उजळ त्रिकोणी रेघ ही दोन खंड जुळल्याची जागा असते, आणि तिलाही अनेकदा व्रण म्हटले जाते. या रुग्णाच्या दोन्ही खाचा मात्र कॅलिक्सच्या थेट वर होत्या, थर पातळ होता आणि बालपणीचा इतिहास जुळत होता. हे जुने, स्थिर झालेले व्रण होते यात मला शंका उरली नाही, पण दहा आठवड्यांतील बिघाडाशी त्यांचा संबंध लावता येत नव्हता. एकूण कामात १८ टक्के वाटा असलेले मूत्रपिंड पूर्ण बंद पडले असते, तरीही क्रिएटिनिन दुप्पट झाले नसते.

बिघाड डाव्या बाजूलाच असणार होता.

डावे मूत्रपिंड

डाव्या मूत्रपिंडाची लांबी ११.९ सेंटिमीटर भरली. दोन वर्षांपूर्वीच्या अहवालात ती ११.२ होती. या फरकाला मी फार महत्त्व दिले नाही, कारण एकाच मूत्रपिंडाची लांबी दोन तपासनीसांनी किंवा एकाच तपासनीसाने दोन दिवशी मोजली, तरी अर्धा-पाऊण सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकते. प्रोब किंचित तिरपा लागला तरी पुरे होते. कॉर्टेक्सच्या जाडीवर माझा अधिक विश्वास होता. ती मी मधल्या भागात, पिरॅमिडच्या पायापासून बाहेरच्या आवरणापर्यंत, तीन ठिकाणी मोजली आणि तिन्ही वेळा १२ मिलिमीटरच्या आसपास आली. अनेक अहवालांत कॉर्टेक्सची जाडी आणि सबंध ऊतीची, म्हणजे आतल्या चरबीपासून आवरणापर्यंतची, जाडी एकाच नावाने लिहिली जाते. मग पुढच्या वर्षी तुलना करणाऱ्याला मूत्रपिंड अकारण ‘पातळ’ झालेले दिसते. कोणती जाडी मोजली हे अहवालात लिहिण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठीच.

उजळपणाचे चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. नेहमीच्या पद्धतीत उजव्या कॉर्टेक्सची तुलना यकृताशी आणि डाव्याची प्लीहेशी केली जाते. निरोगी प्रौढात कॉर्टेक्स यकृतापेक्षा किंचित काळपट किंवा फार तर तितकेच उजळ दिसते आणि प्लीहा त्याहून उजळ असते. या रुग्णाच्या यकृतात चरबी साठलेली होती. चरबीने यकृत स्वतःच उजळ होते आणि त्याच्याशेजारचे मूत्रपिंड तुलनेने काळपट भासते, म्हणून उजव्या बाजूची ही तुलना भरवशाची नव्हती. डाव्या बाजूला प्लीहा सामान्य होती आणि तरीही कॉर्टेक्स तिच्यापेक्षा स्पष्टपणे उजळ दिसत होते. गेन (परतलेल्या ध्वनीचे प्रवर्धन) कमी-जास्त करून आणि हार्मोनिक इमेजिंग (चित्र अधिक स्वच्छ करणारी सोय) बंद करून पाहिले, तरी चित्र बदलले नाही. उजळपणा खरा होता. आकार मात्र फुगीर, गोलसर होता आणि उजळ कॉर्टेक्सच्या पार्श्वभूमीवर पिरॅमिड ठळक, काळे उठून दिसत होते.

संपूर्ण प्रकरण या निरीक्षणावर फिरले. ध्वनिलहरी ऊतीतील असंख्य लहान सीमारेषांवर आपटून परततात. तंतू साठले की अशा सीमारेषा वाढतात, आणि नलिकांमधल्या जागेत दाहाच्या पेशी शिरल्या, सूज आली किंवा नलिकांत साचे (गोठलेल्या प्रथिनांचे वा पेशींचे तुकडे) अडकले, तरीही त्या वाढतात. उजळपणा आणि बायोप्सी यांची तुलना करणारे अभ्यास १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून होत आले आहेत, आणि उजळपणा नलिकांमधल्या जागेतील विकृतीशी जुळतो असेच त्यांतून दिसते; मात्र ती विकृती जुनी तंतुमयता आहे की ताजा दाह, हे उजळपणा सांगत नाही. व्रणाने ऊती आक्रसते, सुजेने ती फुगते, आणि पडद्यावर उजळ मात्र दोन्ही दिसतात. उजळ, लहान आणि पातळ मूत्रपिंड पाहून जुनाट विकार म्हणणे रास्त आहे. उजळ, पण जाड आणि फुगीर मूत्रपिंडाला तोच शब्द लावला, की उपचाराचे दार आपणच बंद करतो.

उलट दिशेची चूकही शक्य असते, हे येथे नोंदवायला हवे. मधुमेहातील मूत्रपिंडविकार आणि अ‍ॅमिलॉइडोसिस (अवयवांत विकृत प्रथिन साठत जाणारा विकार) यांत विकार बराच पुढे गेला तरी मूत्रपिंड सामान्य किंवा मोठ्या आकाराचे राहू शकते. म्हणून केवळ आकार शाबूत आहे यावरून ‘व्रण नाहीत’ असे म्हणता येत नाही. या रुग्णाला मधुमेह नव्हता आणि अ‍ॅमिलॉइडोसिसकडे बोट दाखवणारे काही आढळले नव्हते. डाव्या मूत्रपिंडाचा मोठा आकार बराचसा जुन्या भरपाईचा होता, आणि नेमक्या याच कारणामुळे जाडी या मापाचे वजनही काहीसे कमी होत होते. आधीच वाढलेल्या मूत्रपिंडात थोडी तंतुमयता आली, तर जाडी सामान्य माणसाइतकी उतरेल आणि कोणाच्या लक्षात येणार नाही.

अडथळा नाही याची खात्री करून घेतली. मूत्रपिंडातून लघवी वाहून नेणारा मार्ग फुगलेला नव्हता आणि लघवी केल्यानंतर मूत्राशयात फारसे काही उरत नव्हते.

डॉपलर आणि इलास्टोग्राफी

डॉपलरने, म्हणजे सोनोग्राफीतच रक्ताचा वेग मोजण्याच्या पद्धतीने, डाव्या मूत्रपिंडातील लहान धमन्यांचा रोधनिर्देशांक काढला. रक्ताच्या सर्वोच्च वेगातून हृदयविश्रामाच्या शेवटचा वेग वजा करून आलेली संख्या सर्वोच्च वेगाने भागली, की हा आकडा मिळतो. येथे सेकंदाला ३१ आणि ८ सेंटिमीटर असे वेग मिळाले, म्हणजे निर्देशांक ०.७४. प्रौढांत ०.७० ही सर्वसाधारण वरची मर्यादा धरतात. जुनाट विकारात हा आकडा वाढतो म्हणून त्याला तंतुमयतेचे माप समजण्याचा मोह होतो, पण तो धमन्यांचा ताठरपणा, वय, नाडीदाब आणि हृदयगती यांवरही अवलंबून असतो. प्रत्यारोपित मूत्रपिंडांवरील जो अभ्यास २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला, त्यात नियोजित वेळी मोजलेला निर्देशांक मूत्रपिंडाच्या ऊतीपेक्षा ते धारण करणाऱ्या व्यक्तीच्या रक्ताभिसरणाबद्दल अधिक सांगतो, असे दिसून आले. शिवाय सुजेनेही लहान वाहिन्यांवर दाब येऊन तो वाढू शकतो. मी आकडा नोंदला. त्यावरून निष्कर्ष काढला नाही. डॉपलरचा खरा उपयोग दुसराच झाला : लहान धमन्यांतील लहरींची चढण तीव्र होती, मुख्य धमनी अरुंद झाल्याची चिन्हे नव्हती. जवळजवळ एकाच मूत्रपिंडावर चालणाऱ्या रुग्णात ही गोष्ट आधी पाहून घ्यावीच लागते.

यंत्रात शिअर वेव्ह इलास्टोग्राफीची सोय होती, आणि व्रण मोजायचे तर कडकपणाच का मोजू नये, असा प्रश्न रुग्णाला पाठवणाऱ्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी विचारला. यकृतात ही पद्धत चांगली रुळली आहे. ऊतीत निर्माण केलेली आडवी लहर जितकी वेगाने धावते तितकी ऊती कडक, असे तिचे तत्त्व आहे. मूत्रपिंडात मात्र नलिका आणि रक्तवाहिन्या ठरावीक दिशेने रचलेल्या असल्यामुळे लहर कोणत्या दिशेने जाते यावरून वेग बदलतो. हृदयाने पंप केलेल्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा मूत्रपिंडांतून जातो आणि त्या दाबाचाही कडकपणात वाटा असतो. डुकरांवरील प्रयोगांत मूत्रपिंडाची धमनी बांधल्यावर मोजलेला कडकपणा घटला आणि शीर बांधल्यावर वाढला; यांपैकी कशातही तंतू वाढलेले नव्हते. त्यामुळे रक्तपुरवठा कमी झालेले व्रणग्रस्त मूत्रपिंड प्रत्यक्षात ‘मऊ’ मोजले जाऊ शकते. आम्ही डाव्या बाजूला दहा मापे घेतली. मध्यक ७.८ किलोपास्कल आला, पण मापांचा विखुरलेपणा मध्यकाच्या ३८ टक्के होता. यकृतात आपण ३० टक्क्यांपर्यंतच तो स्वीकारतो. ही मापे मी अहवालात ‘निष्कर्षासाठी अयोग्य’ असे लिहून दिली. उपलब्ध तंत्र वापरले म्हणून त्याचा आकडा मानलाच पाहिजे, असे मला वाटत नाही.

निर्णय

अहवालाच्या शेवटी मी लिहिले : ‘उजव्या मूत्रपिंडात जुने स्थानिक व्रण. डावे मूत्रपिंड उजळ, परंतु कॉर्टेक्सची जाडी शाबूत आणि आकार फुगीर. ताजा दाह किंवा सूज शक्य. केवळ या चित्रावरून तंतुमयतेचे प्रमाण सांगता येत नाही.’ तो लिहून झाल्यावर मूत्रपिंडतज्ज्ञांना फोन केला, कारण असे वाक्य कागदावर नजरेतून निसटण्याचा धोका असतो. त्यांनी औषधांची यादी पुन्हा तपासली. छातीत जळजळ होते म्हणून तीन महिन्यांपूर्वी आम्ल कमी करणारे प्रोटॉन पंप इनहिबिटर गटातील औषध सुरू झाले होते आणि ते अजून चालू होते. या औषधांनी नलिकांमधल्या जागेचा दाह होऊ शकतो, आणि ताप, पुरळ आणि वाढलेले इओसिनोफिल (अशा प्रतिक्रियांत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) असे पाठ्यपुस्तकी त्रिकूट बहुतेक रुग्णांत आढळत नाही. या रुग्णातही ते नव्हते. औषध त्याच दिवशी बंद करण्यात आले.

बायोप्सी करावी की नाही, यावर खरी चर्चा झाली. उजव्या मूत्रपिंडाची करण्यात अर्थ नव्हता. तिथे व्रणच मिळाला असता आणि पातळ थरात सुई घालण्याचा धोका अधिक होता. डाव्याची करायची तर रुग्णाच्या ८२ टक्के क्षमतेत सुई घालावी लागणार होती. सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली केलेल्या बायोप्सीनंतर रक्त द्यावे लागण्याइतका रक्तस्राव साधारण शंभरात एक-दोघांना होतो, आणि मूत्रपिंड गमावण्याची वेळ फार विरळा येते. पण ती येथे आली असती तर परिणाम सामान्य रुग्णापेक्षा कितीतरी गंभीर झाला असता. औषध बंद करून थोडे दिवस वाट पाहणे आणि बायोप्सीविना स्टेरॉइड सुरू करणे, हे दोन्ही पर्याय समोर होते. क्रिएटिनिन पाच दिवसांनंतरही खाली आले नाही. लहानपणापासून जंतुसंसर्गाचा इतिहास असलेल्या व्यक्तीला निदानाशिवाय स्टेरॉइड देणे तज्ज्ञांना मान्य नव्हते. रुग्णाला सर्व बाजू समजावून सांगितल्या, आणि त्यांनी बायोप्सीला संमती दिली. माझे मत बायोप्सीच्या बाजूने होते, आणि तेच तज्ज्ञ वाट पाहण्याच्या बाजूने असते तर त्यांना चूक म्हणण्याचे धाडस मी केले नसते.

१६ गेजच्या सुईने खालच्या टोकातून दोन तुकडे घेतले. लगेचच्या सोनोग्राफीत मूत्रपिंडाभोवती १.२ सेंटिमीटर जाडीचा रक्तसाठा दिसला. दुसऱ्या दिवशी तो तेवढाच होता आणि रक्त द्यावे लागले नाही. तुकड्यांत १८ ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे सूक्ष्म पुंजके) मिळाले आणि त्यांतील दोन पूर्ण निकामी होते. नलिकांमधल्या जागेत सूज होती, लसिकापेशींची दाट गर्दी होती, मधूनमधून इओसिनोफिल होते आणि नलिकांच्या भिंतींतही दाहपेशी शिरलेल्या होत्या. तंतुमयता व नलिकांची झीज सुमारे १५ ते २० टक्के भागात होती, म्हणजे सौम्य. अर्थात प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन (एक ग्लोमेरुलस आणि त्याची नलिका असे घटक) असतात, आणि त्यांतले अठरा हा फार छोटा नमुना आहे. पण जाड, फुगीर कॉर्टेक्सच्या चित्राशी तो सुसंगत होता.

प्रेड्निसोलोन दिवसाला ४० मिलिग्रॅमने सुरू करून आठ आठवड्यांत कमी करत बंद केले. क्रिएटिनिन दोन आठवड्यांत २.० वर, आणि दोन महिन्यांत १.६ वर आले, म्हणजे गाळणदर साधारण ४१. त्याहून खाली ते आले नाही.

तीन महिन्यांनी मी पुन्हा सोनोग्राफी केली. यंत्र तेच, प्रोब तोच आणि सेटिंगही तीच वापरली. डावे मूत्रपिंड ११.४ सेंटिमीटर भरले. कॉर्टेक्स आता प्लीहेपेक्षा उजळ नव्हते, जवळपास तितकेच होते. पिरॅमिडांचा ठळकपणा ओसरला होता. रोधनिर्देशांक ०.६७ होता. कॉर्टेक्सची जाडी त्याच तीन जागी ११ मिलिमीटर आली. या एका मिलिमीटरच्या फरकाला अर्थ द्यायचा मोह मी टाळला. पण क्रिएटिनिन १.३ वर परतले नाही, यावरून दाहाचा काही भाग तंतूंत रूपांतरित होऊनच शमला असावा असे मानावे लागते, आणि तो भाग सोनोग्राफीत मला वेगळा दाखवता आला नाही. उजव्या मूत्रपिंडाच्या दोन्ही खाचा होत्या तशाच होत्या.

अहवालात मी या वेळी उजळपणाची तुलना कशाशी केली, जाडी कोणत्या जागी आणि कोणत्या दोन बिंदूंमध्ये मोजली, हे सर्व लिहिले आणि ती चित्रे जपून ठेवली. पुढची तपासणी एक वर्षाने करायचे ठरले आहे. छातीतील जळजळीसाठी त्यांना वेगळ्या गटातले औषध देण्यात आले असून, बंद केलेल्या औषधाचे नाव त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत लिहिलेले आहे.